सोडणे आणि सुटणे

'मी नोकरी सोडली' आणि 'माझी नोकरी सुटली' या दोन वाक्यांतला फरक आपण वर्गात सकर्मक-अकर्मक म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. पहिल्या वाक्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्यात त्याच्या हातून काहीतरी गेले आहे. हा फरक किती जीवघेणा असू शकतो, हे मला वडाळ्यातल्या एका लहानशा दवाखान्याच्या बाकावर बसून कळले.

गोष्ट २००९च्या सुमाराची. रेल्वेमार्गाच्या पूर्वेकडच्या वस्तीत आमचे नेहमीचे डॉक्टर बसत. दवाखाना एवढा लहान, की पडद्याआडचे बोलणे बाहेर ऐकू येई. क्षयाचे औषध अर्ध्यावर थांबलेला एक बिगारी कामगार आत होता. "गोळ्या का सोडल्या?" असे डॉक्टरांनी विचारले. तो म्हणाला, "सोडल्या नाहीत डॉक्टर, सुटल्या." सरकारी केंद्रात आठवड्यातून तीनदा, कर्मचाऱ्यासमोर गोळ्या घ्यायच्या, अशी तेव्हाची पद्धत. केंद्र उघडायची वेळ आणि नाक्यावर मुकादम माणसे उचलतो ती वेळ एकच. गोळी घेतली की रोज बुडे. शिवाय, औषध लागू पडले तशी त्याची भूक वाढली होती, आणि घरात खाणारी पाच तोंडे होती. बरे होण्याचे लक्षणच त्या घराला परवडत नव्हते.

अशा रुग्णासाठी तेव्हा वैद्यकाच्या नोंदींत एक ठरलेला शब्द होता, 'डिफॉल्टर'. कर्ज बुडवणाऱ्याला बँक जे म्हणते तेच. शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर निवाडाही येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपल्या व्याख्यांतून तो काढला आणि त्या जागी 'पाठपुराव्यातून निसटलेला' अशा अर्थाची संज्ञा आणली. म्हणजे 'सोडणे' जाऊन 'सुटणे' आले, असे म्हणायला हरकत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सगळेच परिस्थितीने घडते असे म्हटले, तर रुग्णाची जबाबदारी काहीच नाही काय? त्याच वस्तीतले कितीतरी लोक औषध पुरे करतात. शिवाय अर्धवट उपचाराने औषधांना दाद न देणारा क्षय बळावतो, आणि तो एका खोलीत झोपणाऱ्या सगळ्यांना धरू शकतो. डॉक्टरांचा राग या भीतीतून येतो, हे मला मान्य आहे. पण जबाबदारी ठरवण्यापूर्वी कर्ता कोण हे नीट पाहावे लागते. केंद्राची वेळ कोणी ठरवली? मजुरीचा दर? घरातले धान्य? या प्रश्नांना केसपेपरवर रकाना नसतो. तिथे नाव, वय, तक्रार एवढेच मावते.

हे प्रश्न वैद्यकाबाहेरचे आहेत, असेही नाही. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला. २०२३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे डाळ-तांदूळ हेही औषधच. केंद्र सरकारने २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि २०२४ मध्ये ते १००० केले. रक्कम अपुरी असेल, पण केसपेपरवर नसलेला रकाना निदान कुठेतरी उघडला.

वडाळ्याला ही जाणीव नवी नाही. १८९० मध्ये म्युनिसिपल कमिशनर एच. ए. अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने इथे, तेव्हाच्या माटुंग्यात, कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उभा राहिला. आजचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. आपल्यापैकी बहुतेकांना अ‍ॅक्वर्थ ठाऊक असतात ते शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे म्हणून. त्या आश्रमाचे नाव होते 'होमलेस लेपर असायलम'. रोगाच्याही आधी बेघरपण! रुग्ण रस्त्यावर का आहे हे त्या नावाने ओळखले होते. उपाय मात्र त्याला रस्त्यावरून उचलून आत ठेवण्याचा होता. शहराची भीती त्यात करुणेइतकीच होती. कारण नेमके ओळखले म्हणून न्याय होतोच असे नाही, हेही त्या नावातून शिकण्यासारखे आहे.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दीर्घकाळ दवाखाना चालवलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले होते, की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथे ती मिळण्याची शक्यता कमी. याला त्यांनी नियम म्हटले आणि तो बदलता येण्याजोगा मानला. साहित्याच्या माणसांना औषध देता येत नाही. पण वाक्यात कर्ता कोण, हे विचारण्याची सवय आपल्याला आहे. त्या बिगाऱ्याने व्याकरण न शिकता आपले क्रियापद अचूक निवडले होते. केसपेपरवर मात्र डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिले, की रुग्णाने औषध बंद केले.