हिरवळीवरची सतरंजी

बॉस्टनला येऊन आठ महिने झाले होते आणि माझं परत जायचं जवळजवळ ठरलं होतं. बेळगावातली शाळेची नोकरी सोडून आले होते. नवरा कामाला गेला की दिवसभर मी घरात एकटी. दुकानात गेलं तर माझं इंग्रजी समोरच्याला कळायचं नाही आणि त्याचं मला. निपाणीला आईला फोनवर म्हटलं, "दिवाळीला येते, मग बघू पुढचं." ती म्हणाली, "ये की. पण जरा गाव तरी बघून ये. घरात बसून कुठलं गाव कळतंय व्हय?"

त्याच ऑगस्टमध्ये शेजारच्या आजींनी आम्हाला टँगलवूडला नेलं. बॉस्टनहून पश्चिमेला गाडीने साधारण अडीच तास, बर्कशायरच्या डोंगरात लेनॉक्स नावाचं लहानसं गाव आहे. बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं हे उन्हाळ्यातलं घर. बाजूंनी उघडं असं मोठं छप्पर आणि त्याच्यापुढे लांबवर हिरवळ. हिरवळीवर जागा धरायला लोक बरेच आधी येतात. चादरी पसरतात, जेवणाच्या टोपल्या उघडतात, काहीजण मेणबत्त्याही लावतात. मी डब्यात दडपे पोहे नेले होते. आजींनी दोनदा मागून घेतले.

काय वाजवत होते ते मला कळलं नाही. टाळ्या कधी वाजवायच्या तेही नाही. अर्ध्यात पाऊस सुरू झाला. मी सतरंजी गुंडाळायला लागले, तशी आजींनी हात धरून बसवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की १९३७ साली इथे तंबूत मैफल चालू असताना असंच वादळ आलं होतं. कार्यक्रम थांबवावा लागला. तेव्हा लोकांनी त्याच रात्री पक्क्या छपरासाठी पैसे जमवायला सुरुवात केली आणि पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, हे छप्पर उभं राहिलं.

छत्रीखाली बसल्या बसल्या मला आमची गल्ली आठवली. गणपतीत एक रात्र भजनाची असायची. आई घरची सतरंजी नेऊन आधीच जागा धरायची. मांडवाच्या ताडपत्रीतून पाणी गळायचं आणि ओल्या हवेत तंबाखूच्या वखारींचा उग्र वास भरून असायचा. अभंग झाले की कुणीतरी पुरंदरदासांचं कन्नड पद म्हणायचं. मला त्यातलं अक्षर कळायचं नाही, तरी सगळ्यांबरोबर मीही टाळ्यांचा ठेका धरायची. शेजारच्या अक्का एकेका शब्दाचा अर्थ कानात सांगायच्या. कन्नड मी आधी तशी शिकले, पाटीवर नंतर.

म्हणजे न कळणारं ऐकत बसायची सवय मला लहानपणापासूनच होती. इथे येऊन ती विसरले होते, एवढंच. दिवाळीला मी निपाणीला गेले खरी, पण येण्याजाण्याचं तिकीट काढून.

गेल्या डिसेंबरात बारा वर्षांच्या लेकीला घेऊन गेलो. कोल्हापूर सोडून निपाणीत शिरलो आणि कन्नड पाट्या सुरू झाल्या. मी एक वाचून दाखवली, तर ती म्हणाली, "आई, आपण मराठी ना? मग तुला हे कसं वाचता येतं?" बॉस्टनच्या मंडळातही मला हे विचारतात, फक्त उलट्या बाजूने: "म्हणजे तुम्ही मूळच्या कर्नाटकातल्या?" तिला सांगितलं, १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा बेळगाव, निपाणी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. आजीचं घर जागचं हललं नाही, राज्य बदललं. त्याचं दुःख इथल्या मराठी घरांत अजून आहे आणि महाराष्ट्राने २००४ मध्ये नेलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, तेही सांगितलं. हे लपवून मुलांना गाव दाखवण्यात अर्थ नाही.

बेळगावात टिळकवाडीतली काँग्रेस विहीर पाहिली. डिसेंबर १९२४ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. त्यांच्यासमोर गायलेल्या मुलींमध्ये गंगूबाई हनगलही होत्या. तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. लेक लगेच म्हणाली, "माझ्यापेक्षा लहान!"

त्याच १९२४ च्या एप्रिलमध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत शिवपुत्र कोमकाळीमठ जन्मले. आपण त्यांना कुमार गंधर्व म्हणतो. घरची भाषा कन्नड, गाण्याचं शिक्षण मुंबईत देवधर मास्तरांकडे. १९४८ च्या सुमाराला क्षयामुळे हवापालटासाठी ते माळव्यात देवासला गेले. गाणं बंद, अंथरुणाला खिळलेले. त्या दिवसांत आसपासच्या बायामाणसांची माळवी लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली. पुढे तीच त्यांनी मैफलीत आणली आणि देवास त्यांचं कायमचं गाव झालं. नव्या गावी गेल्यावर आपण आपलं काय काय नेलं याची यादी करतो. तिथलं काय ऐकलं, ही यादी कुमारांसारखी कुणी करत नाही. मला तरी तिकडे आठ महिने ते सुचलं नव्हतं.

परतायच्या आदल्या रात्री निपाणीत शेजारच्या घरी भजन होतं. आईने तीच जुनी सतरंजी अंगणात अंथरली. मराठी अभंगांनंतर कन्नड पद सुरू झालं, तशी लेक आजीच्या कानाशी लागली, "आजी, याचा अर्थ काय?"

आई टाळ्या न थांबवता म्हणाली, "ऐक की आधी. सांगते मग."