वेगळे ताट नको, वेगळा गहू

आमच्या चुलीवरून गहू उतरला त्याला चार वर्षे झाली. परभणीच्या कडेला आमचे दोन खोल्यांचे घर आहे. आम्ही नवरा-बायको, एकाची मोंढ्यात हमाली, दुसरीचे घरी शिवणकाम. आई आणि दोन लेकरे धरून पाच माणसे. घरामागे पाऊण गुंठा जागा, त्यात नऊ गावठी कोंबड्या, एक कोंबडा आणि भाजीचे चार वाफे.

धाकटी चार वर्षांची होती तेव्हा तिचे पोट फुगायचे, सारखे जुलाब व्हायचे, वजन काही वाढत नव्हते. जंताचे औषध झाले, टॉनिक झाले, लोहाच्या गोळ्या झाल्या, तरी रक्त वाढेना. अखेर एका डॉक्टरांनी रक्ताची वेगळी तपासणी करायला लावली आणि मग दुर्बिणीने आतड्याचा बारीक तुकडा काढून पाहिला. सिलिअ‍ॅक नावाचा आजार निघाला. कणकेला चिकटपणा आणणारे ग्लुटेन गव्हात असते. या आजारात ते पोटात गेले की लहान आतड्याचे अस्तर झिजते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू आणि जव जन्मभर बंद, एवढाच उपाय. रवा, मैदा, शेवया, पाव, बिस्किटे सगळे त्यात आले. बाजारच्या डबीतल्या हिंगातसुद्धा पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

पिठाचा कणही चालत नाही, तेव्हा मुलीची भांडी वेगळी ठेवा, असे दवाखान्यात सांगितले. घरी येऊन हे बोललो आणि आई एकदम उठून उभी राहिली. तिच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी कान तुटलेले कप बाहेर कुडात खोचलेले असत. चहा प्यायचा, कप धुवायचा आणि पुन्हा तिथेच खोचायचा. "त्या कपातून मी चहा प्यालेय. माझ्या नातीला या घरात वेगळे ताट मिळणार नाही," आई म्हणाली.

आम्ही दोघे गप्प झालो. डॉक्टरांचे खरे होते आणि आईचेही खरे होते. दोन दिवसांनी वाट आईनेच काढली. ती म्हणाली, "वेगळे काढायचे तर गव्हाला काढा."

तसेच केले. जुने लाकडी पोळपाट-लाटणे, पिठाची चाळणी आणि घासून खरबरीत झालेला तवा जाऊबाईंकडे गेला. रेशनचा आमचा गहू त्या घेतात आणि त्यांचा तांदूळ आम्हाला देतात. आता आम्ही सगळेच ज्वारी-बाजरीची भाकरी खातो, सगळ्यांची ताटे सारखीच. पिठाच्या गिरणीत मात्र आधीच्या गव्हाचे पीठ राहते. म्हणून वर्षभर आईच्या जुन्या जात्याला टाकी लावून, ते स्वच्छ धुऊन त्यावर दळले. पुढे बचत गटाचे कर्ज काढून लहान घरगुती गिरणी घेतली. तिच्या हप्त्याला अंड्यांचे पैसे हातभार लावतात.

कोंबड्यांचा आधार मोठा. गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते, मध्ये खुडूक बसली की एकवीस दिवस अंडी बंद. धाकटीला रोज एक अंडे ठरलेले, उरलेली विकतो. गहू खाल्लेल्या कोंबडीचे अंडे तिला चालते का, असे शेजारी विचारतात. चालते. ग्लुटेन अंड्यात उतरत नाही. तरीही अंगणात गहू सांडू नये म्हणून कोंबड्यांना आम्ही तांदळाची कणी आणि ज्वारी टाकतो. राणीखेत रोगाची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेवर टोचून आणतो, नाहीतर चार दिवसांत खुराडे रिकामे होते.

वाफ्यांत मेथी, अंबाडी, चवळी, आणि कडेला शेवगा. कोंबड्या कोवळे रोप ठेवत नाहीत, म्हणून वाफ्यांना तुराट्यांचा कूड घातला आहे. त्यांची विष्ठा ताजी घातली तर रोप जळते. ती पाल्याबरोबर दोन-तीन महिने कुजवावी लागते.

घरातले जमले, बाहेरचे अवघड. वाढदिवसाचा केक, लग्नातली पुरी. "एवढ्याशाने काय होते?" असे माणसे मायेनेच म्हणतात. तो एक घास लेकराला आजारी पाडतो हे दरवेळी सांगावे लागते. पण सांगितले की माणसे ऐकतात. वैशाख पौर्णिमेला आमच्या महिला मंडळाने गव्हाऐवजी तांदळाची खीर केली. धाकटी रांगेत सगळ्यांबरोबर बसली आणि दोनदा वाढून घेतली. आता ती आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी वयाच्या मानाने वजन बरोबर भरले.

बंधू-भगिनींनो, तुमचे लेकरू खाऊनही वाढत नसेल, लोहाच्या गोळ्या देऊनही रक्त भरत नसेल, तर ही तपासणी करता येते का ते डॉक्टरांना विचारा. तपासणीआधी गहू आपल्या मनाने बंद करू नका, नाहीतर आजार तपासणीत सापडत नाही. आणि तो निघालाच, तर लेकराला एकटे बाजूला बसवू नका. सगळ्या घरानेच भाकरीला बसावे.