पिसातला पारा

एळ्ळ अमावास्येला धारवाडच्या पूर्वेकडील एरी जमिनीत आजही घरेच्या घरे बैलगाडी किंवा ट्रॅक्टर जुंपून शेतावर जातात. पूजा झाली की कडबू, सज्जी रोटी आणि भाज्या यांचा चरग शेतात चौफेर उधळला जातो. आमच्या घराण्यातून शेती केव्हाच सुटली. तरी स्नेह्यांच्या आमंत्रणावरून हा सोहळा आम्ही सहसा चुकवीत नाही. चरग भूमातेचा खरा, पण टिपायला येतात त्या साळुंक्या, होले आणि कावळे. आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसते.

नोकरीच्या आरंभी, १९८० नंतरच्या काही वर्षांत, याच पाखरांपुढे आम्ही निराळाच चरग टाकीत होतो. भुईमुगाचे बियाणे मडक्यात घालायचे, त्यावर पारायुक्त औषधाची भुकटी टाकायची, तोंड फडक्याने बांधून मडके हलवायचे. बी जमिनीत कुजणे थांबे, उगवण चांगली होई. प्रात्यक्षिक घेणाऱ्या आमच्यासारख्या तरुण अधिकाऱ्याला आणखी काय हवे? बंकापूरजवळच्या एका खेड्यात (हा भाग तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होता, हावेरी वेगळा झाला १९९७ मध्ये) एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "साहेब्र, हक्की तिंद्र?" पाखरांनी खाल्ले तर? किल्ल्यातले मोर पेरलेले दाणे उकरतात हे त्याला ठाऊक होते. "नीट मातीआड करा," आम्ही म्हणालो आणि पुढच्या गावाला गेलो. उगवणीचे आकडे आमच्या वहीत होते. पाखरांसाठी रकाना नव्हता.

त्या प्रश्नाचे उत्तर स्वीडनमध्ये आधीच मिळून चुकले होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. तिथे १९५० नंतरच्या दशकात पारा लावलेले धान्य खाऊन शेतातली पाखरे मरू लागली. मागोमाग त्यांना खाणारे ससाणे आणि घुबडे. संशोधकांनी संग्रहालयांतल्या शिकारी पक्ष्यांची शंभर वर्षांची पिसे तपासली. पाऱ्याचे प्रमाण १९४० पर्यंत जवळजवळ सारखे आणि मग एकाएकी चढलेले! पीस वाढत असताना रक्तातला पारा त्यात जाऊन बसतो आणि पिसाबरोबर गळून पडतो. पाखराच्या शरीराला पारा बाहेर टाकण्याच्या मोठ्या वाटा दोन : एक पीस, दुसरी अंडे. १९६६ मध्ये स्वीडनने बियाण्यावरची ती घातक संयुगे बंद केली. तरीही १९७१-७२ मध्ये इराकात पेरणीसाठी आलेला असाच गहू भुकेल्या माणसांनी दळून खाल्ला. इस्पितळांत साडेसहा हजारांवर रुग्ण आले आणि त्यांतले ४५९ दगावले.

इतर पुष्कळ विषे ऊन-पावसाने विरतात. पारा मूलद्रव्य आहे, तो विरायचा कुठे? ओल्या, हवा न पोचणाऱ्या चिखलात जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात आणि मग तो स्नायूंत, मेंदूत शिरून तिथे मुक्काम ठोकतो. मिनामातामुळे पारा म्हटला की आपल्याला मासे आठवतात. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या साउथ नदीत १९२९ ते १९५० या काळात एका कारखान्यातून पारा गळत होता. काठच्या रानातली, मासा कधी चोचीतही न धरणारी पाखरे तपासली, तर त्यांच्या रक्तात मासे खाणाऱ्यांइतका, काहींच्या त्याहूनही अधिक पारा! २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात वाट सापडली ती कोळ्यांतून. पानावरची अळी खाणाऱ्या पाखराला पारा कमी मिळतो. कोळी मात्र स्वतःच शिकारी, किड्यांना खाणारे किडेही त्याच्या जाळ्यात येतात. प्रत्येक पायरीवर पारा दाट होत जातो. त्या नदीकाठी पुढे रेन जातीच्या चिमुकल्या पाखरांच्या घरट्यांतून पिले कमी उडाली, असेही दिसले.

कळघटगीकडची भातखाचरे पाण्याने भरलेली असतात तेव्हा बांधावरच्या गवतात कोळ्यांची जाळी दंवाने चमकतात आणि वटवट्या ती एकेक करून निरखत फिरतो. पूर्वी हे दृश्य पाहून आम्हांला नुसतेच बरे वाटे. उसाची बेणी आणि बटाट्याचे बियाणे पाऱ्याच्या औषधात बुडवण्याची रीत आपल्याकडे त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालली. उरलेले पाणी बांधाकडेला ओतताना आम्ही पाहिले आहे आणि काही बोललो नाही. त्या औषधावर, म्हणजे मिथॉक्सी इथाइल मर्क्युरी क्लोराइडवर, भारतात बंदी आली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने मिनामाता करारालाही मान्यता दिली होती. आम्ही तोवर निवृत्तीला टेकलो होतो.

परवा जुन्या वह्या काढताना त्या प्रात्यक्षिकांची डायरी सापडली. आत मोराचे एक पीस आहे. बंकापूरच्या किल्ल्यात उचललेले, बहुधा त्याच पावसाळ्यानंतर गळलेले. नात ते मागत होती. आम्ही तिला दुसरे आणून देतो म्हणालो.