आकड्यावरच्या चिठ्ठ्या

जळगावला बळीराम पेठेतल्या आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशेजारी तारेचा एक आकडा लटकलेला असायचा. लाइटबिल, रॉकेलच्या पावत्या, किराणावाल्याची यादी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं त्यालाच भोसकलेलं. त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक चिठ्ठीला मधोमध एक भोक असे, आणि ते हमखास औषधाच्या नावावर पडलेलं असे. भोक नसतं तरी फार फरक पडला नसता म्हणा.

चिठ्ठी वाचायचा मान मोठ्या काकांचा. ते एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत आणि त्यांना मोडी वाचता येई. ज्याला मोडी लागते त्याला डॉक्टरांचं अक्षरही लागलंच पाहिजे, अशी आजीची समजूत. काका चिठ्ठी उजेडात धरत, लांब नेत, जवळ आणत आणि शेवटी गंभीरपणे सांगत, "गोळ्या आहेत." आजी तोंडाला पदर लावून हसायची. "हाई काय लिखेल शे, ते त्या डाक्टरलेच माहीत."

एकच शब्द आम्हा सातही भावंडांना लागायचा, तो म्हणजे 'बीडी'. आबांना दम्याचा त्रास. डॉक्टर बिडी सोडा म्हणून दरवेळी ओरडायचे आणि चिठ्ठीवर मात्र औषधापुढे बीडी लिहून द्यायचे. आबा ती चिठ्ठी घरभर दाखवत. दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधासाठीची ती लॅटिन खूण आहे, हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं. आबांना ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

त्याआधीच्या काळात तर चिठ्ठीच नसे. घरून धुतलेली बाटली घेऊन जायचं, कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर भरायचा आणि बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. एका खाचेपर्यंत एक डोस. गोळ्या खलबत्त्यात कुटून त्यांच्या पुड्या मिळत. पुडीत काय आहे हे विचारणं म्हणजे आगाऊपणा. आजी औषधांना रंगानेच ओळखायची, "लाल गोयी सकायले, पिवयी गोयी रातले," आणि कंपनीने रंग बदलला की घरात गोंधळ.

आमचे डॉक्टर नवी पेठेतले. त्यांच्याकडे फाइल नव्हती, रजिस्टर नव्हतं, एक कॅश ठेवायचा खण तेवढा होता. सगळं डोक्यात. मला लहानपणी सेप्ट्रानच्या अर्ध्या गोळीने अंगभर गांध्या उठल्या होत्या. त्यानंतर कितीही वर्षांनी दारातून आत पाऊल टाकलं की ते कंपाउंडरला आतूनच ओरडून सांगत, "याला सल्फा नाही!" आम्हा सगळ्यांचं असंच. कुणाला पेनिसिलीन चालत नाही, कुणाला कावीळ कोणत्या वर्षी झाली, कोणाच्या आईला साखर होती. आम्ही त्यालाच डॉक्टरकी समजत होतो, आणि ते फार चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. पण एका मे महिन्यात डॉक्टर अचानक गेले, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात माझ्या हातात जी चिठ्ठी आली तिच्यात पुन्हा सल्फाच होतं. नशिबाने आई सोबत होती.

आता देवपूरच्या फुईची गोष्ट. आत्याला आमच्याकडे फुई म्हणतात. धुळ्याची ही फुई आम्हा सगळ्यांची लाडकी. उन्हाळ्याच्या सुटीत एरंडोल, पारोळा करत जाणाऱ्या एस.टी.ने आम्ही तिच्याकडे जायचो, आणि आम्ही गेलो की ती मुद्दाम तिखटजाळ शेवभाजी करायची. तिला संधिवात होता. नव्वदच्या दशकात एका मोठ्या डॉक्टरांनी तिला नवीन गोळी लिहून दिली, मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चिठ्ठीवर इंग्रजी ओ आणि त्यापुढे एक वळसा होता. डॉक्टरांच्या मनात तो डब्ल्यू होता, म्हणजे आठवड्याला एकदा. दुकानदाराला तो डी दिसला, म्हणजे रोज एकदा. त्याने पाकिटावर रोज सकाळी म्हणून लिहून दिलं.

आठव्या दिवशी फुईचं तोंड आलं. मे महिना, धुळ्याचं ऊन; सगळे म्हणाले उष्णता झाली. गुलकंद झाला, सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं. शेवभाजी तर सोडाच, तिला ताक गिळवेना. मग हातापायांवर काळेनिळे डाग दिसले, ताप भरला, तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर तिथल्या तरुण डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "कोणती गोळी चालू आहे? चिठ्ठी आणा." काका आकड्यावरून काढल्यासारखी घडी केलेली ती चिठ्ठी घेऊन धावले. फुई वाचली. महिनाभर दवाखान्यात राहून वाचली. कोणाचं चुकलं यावर घरात वर्षभर वाद चालला. डॉक्टरांचं अक्षर, दुकानदाराची घाई, की सगळ्या गोष्टीला उष्णता म्हणणारे आम्ही.

पुढे कुठेतरी वाचलं की इंग्लंडातही असं झालं होतं. तिथे एका दमेकऱ्याला अमॉक्सिल लिहून दिलं होतं. दुकानदाराने ते डाओनिल वाचलं, आणि मधुमेहाची गोळी खाऊन त्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिथल्या न्यायालयाने 25 टक्के दोष डॉक्टरांच्या अक्षराला दिला आणि 75 टक्के दुकानदाराला. हा निकाल धुळ्याच्या फुईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "आणि उष्णता म्हणणाऱ्यांना किती टक्के?"

आमच्या पिढीने चिठ्ठीचे आणखीही गुन्हे केले आहेत, ते कबूल केलेले बरे. चिठ्ठी म्हणजे आम्हाला रेशनकार्डच वाटायचं, एकदा मिळालं की आयुष्यभर चालणार. चार वर्षांपूर्वीची खोकल्याची चिठ्ठी आकड्यावरून उतरवायची आणि तीच अँटिबायोटिक आणायची. शेजारच्या वहिनीही तीच घेऊन जायच्या, "लक्षणं सारखीच आहेत" म्हणून. 1 मार्च 2014 पासून सरकारने काही औषधं शेड्यूल एच-1 मध्ये घातली आणि दुकानदाराला डॉक्टरांचं, रुग्णाचं, औषधाचं नाव रजिस्टरात लिहायला लावलं, तेव्हा आमच्या वाड्यात त्याबद्दल फार नाराजी होती. 2016 मध्ये भारतीय वैद्यक परिषदेने डॉक्टरांना जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरात लिहायला सांगितलं. त्याबद्दल मात्र कोणाची तक्रार नव्हती. अक्षर फारसं सुधारलं नाही, एवढंच.

चुलतभावाची मुलगी आमच्या घराण्यातली पहिली डॉक्टर. 2018 ला जळगावात सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं; ती तिथलीच. आता भुसावळला एका दवाखान्यात बसते. परवा गेलो होतो तिच्याकडे, रक्तदाबासाठी. तिने संगणकात माझं नाव टाकलं, औषधाची पहिली चार अक्षरं टाकली, यादी आली, तिने एक निवडलं. मग तिला माझी जुनी गोष्ट आठवली म्हणून गंमत दाखवायला तिने मुद्दाम सेप्ट्रान टाकलं. पडद्यावर लाल चौकट आली: सल्फा चालत नाही. मी तिथे खुर्चीत बसून क्षणभर नवी पेठेतला तो आवाज ऐकला.

तिचं म्हणणं असं, की लोकांना वाटतं छापील चिठ्ठी म्हणजे चांगलं अक्षर. ते तर आहेच. आधी मेडिकलवाल्याचे दिवसाला दहा-पंधरा फोन यायचे, "मॅडम, हे काय लिहिलंय?" ते थांबले. दर महिन्याची तीच औषधं एका बटणावर निघतात, मुलांचा डोस वजनावरून मोजून येतो, मागच्या खेपेला काय दिलं होतं ते समोर दिसतं. आणि ज्या दवाखान्यात नोंद आभा या आरोग्य क्रमांकाला, म्हणजे त्या 14 आकड्यांना जोडतात, तिथे ती रुग्णासोबत जाते. पुढच्या डॉक्टरला पाहायची की नाही, ते रुग्णाने ठरवायचं. फुईची गोष्ट तिला ठाऊक आहे. तिने मेथोट्रेक्सेट टाकून दाखवलं. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये ते आपोआप 'आठवड्यातून एकदा' असंच उमटतं. रोज करायचं तर कारण लिहावं लागतं.

मी विचारलं, यात चुका होतच नाहीत का? होतात, म्हणाली. घाईत यादीतली खालची ओळ दाबली जाते, एकाच्या जागी दुसरं औषध छापलं जातं. मला ही चूक जास्त घातक वाटते. वाकडं अक्षर असलं की मेडिकलवाला दोनदा विचारायचा तरी. स्वच्छ छापलेल्या चुकीला कोण विचारणार? आणि खानदेशात वीज गेली की ती अजूनही पेनच काढते. तिचं अक्षर, घराण्याचं नाव राखत, वाचता येत नाही.

लॉकडाऊन आठवतो. 25 मार्च 2020 ला, देश बंद झाला त्याच दिवशी, सरकारने फोनवरून तपासणीचे नियम काढले, आणि डॉक्टरांना सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा ई-चिठ्ठी मोबाइलवर पाठवायची मोकळीक मिळाली. वर्षभर आधीपर्यंत मोबाइलवर फक्त 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या आमच्या पंचाहत्तरीच्या काकूने तेव्हा ती चिठ्ठी उघडून, दोन बोटांनी मोठी करून दुकानदाराला दाखवली. तिला इंग्रजी येत नाही. पण 1-0-1 कळतं.

धाकटा चुलतभाऊ न्यूयॉर्कला असतो. तिथे 27 मार्च 2016 पासून कायद्यानेच औषध संगणकावरून लिहावं लागतं. चिठ्ठी हातात येतच नाही, थेट दुकानात जाते. तो गेल्या वर्षी आला होता. म्हणाला, एकदा दुकान बदलायचं झालं तर पुन्हा डॉक्टरकडेच फोन करावा लागला. मला ते आवडलं नाही. आपल्याकडे आधीच काही चिठ्ठ्या फक्त दवाखान्याखालच्याच मेडिकलवाल्याला वाचता येतात. छापील चिठ्ठीचा मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो, की ती घेऊन मी समोरच्या दुकानात जाऊ शकतो, जनऔषधी केंद्रात जाऊ शकतो. ती माझ्या हातातून काढून घेऊ नका.

तर एवढंच सांगायचं होतं. तुमच्या डॉक्टरांकडे संगणक असेल तर औषध कधी घ्यायचं ते मराठीत छापून मागा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते, कुणी मागत नाही म्हणून वापरात नसते. काय चालत नाही ते नोंदवून घ्या. आणि आठवड्याची गोळी असेल तर 'आठवड्यातून एकदा' यावर समाधान मानू नका, चिठ्ठीवर वार लिहून घ्या. फुईचा सोमवार होता.