दोन दिवसांचे मास्तर

आमच्या क्लायंटकडचा एक अमेरिकन मॅनेजर दरवर्षी स्वतःची रजा आणि पदरचे पैसे खर्चून परदेशी विद्यापीठात आठवडाभर बिझनेस शिकवतो. श्रद्धाळू ख्रिश्चन, याला तो सेवा म्हणतो. धाराशिवच्या काकांना सांगितलं तर लगेच, "म्हणजे धर्मांतर?"

शंका अगदीच हवेतली नाही. अमेरिकन मराठी मिशन १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालं ते धर्मप्रसारासाठीच. पण पुढे त्याच मिशनचा डी. सी. चर्चिल नावाचा इंजिनिअर नगरला हातमाग सुधारण्यात रमला. आणि मागाला काही विणकराचा धर्म कळत नाही! श्रद्धेपायी घरून निघा, खुशाल. वर्गात मात्र विषयच शिकवा.

माझा प्रश्न वेगळाच आहे. चर्चिल नगरला राहिला. दोन-चार दिवसांचा पाहुणा मागे काय ठेवणार?

आम्ही काही मित्र अधूनमधून शनिवार-रविवारी धाराशिवच्या एका कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवतो. नियम एकच: पहिला तास आम्ही गप्प. मुलं त्यांच्या गावातले प्रश्न सांगतात. टँकरच्या फेऱ्यांची नोंद, सोयाबीनचा हिशोब. मग त्यातल्याच एकावर प्रोग्राम, तोही मुलांनीच लिहायचा.

सोमवारी आम्ही पुण्यात असतो. टँकर तिथेच येतो, आणि त्याची नोंद ठेवणारी पोरंही तिथेच असतात.