जुना व्हॉल्व्ह कुठे, नवा कुठे

पुणे

लाडक्या भाचीस,


लीक स्टीरिओ २० घेतलास हे वाचून फार आनंद झाला. १९५८च्या सुमारास बाजारात आलेला, दर चॅनेलला दहा-एक वॉट देणारा हा ॲम्प्लिफायर साधासुधा दिसतो, पण त्याची रचना इतकी पक्की आहे की नीट देखभाल झालेला नग आजही रोज वाजू शकतो. आता तुझा प्रश्न. चार ईएल ८४, तीन ईसीसी ८३ आणि एक जीझेड ३४, असे आठ व्हॉल्व्ह घ्यायचेत. मुलार्ड कंपनीचे जुने घ्यावेत की आजच्या कारखान्यांतले नवे? तुझ्या तिथला दुकानदार जुन्या चार ईएल ८४चे जे पैसे सांगतोय, त्यात नव्यांचे कितीतरी संच येतील. माझं मत आधीच सांगून टाकतो: आठही जागांना एकच उत्तर लावू नकोस. प्रत्येक जागेवर काय काम चालतं ते बघ आणि त्याप्रमाणे जुना की नवा ते ठरव.

जुन्यांची कीर्ती पोकळ नाही, हे आधी मान्य करू. व्हॉल्व्हचा जीव त्याच्या कॅथोडमध्ये असतो. निकेलची बारीक नळी, तिच्यावर बेरियम आणि स्ट्राँशियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप. आतला हीटर ती तापवतो आणि लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात. निकेलमध्ये कुठली भेसळ किती असावी, लेप किती जाड असावा, काच बंद करण्याआधी हवा किती काढावी, यावर सगळं आयुष्य अवलंबून. १९५०-६०च्या दशकांत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन आणि लष्कर या सगळ्यांनाच व्हॉल्व्ह लागत होते. मागणी प्रचंड, म्हणून धातुतज्ज्ञ, रसायनतज्ज्ञ, काच घडवणारे आणि ग्रिडची, म्हणजे आतल्या जाळीची, केसासारखी तार गुंडाळणारे सराईत हात एका छताखाली पोसणं कारखान्यांना परवडत होतं. तू राहतेस त्या मँचेस्टरहून ब्लॅकबर्न फार लांब नाही. मुलार्डचा मोठा कारखाना तिथेच होता. मुलार्ड ही फिलिप्सच्या मालकीची कंपनी, त्यामुळे हॉलंडमधलं संशोधन थेट लँकेशरच्या कामगारांपर्यंत पोचत असे. एखाद्या रविवारी त्या गावात चक्कर मारून ये. तुझ्या टेबलावरची वस्तू ज्या माणसांनी घडवली त्यांचं गाव बघायला हवं.

आपल्याकडेही ही कला होती. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ते विकले जात. तुझ्या आजोळच्या रेडिओतही ईएल ८४च होता. म्हणजे ज्याला आज दागिन्यासारखं डबीत ठेवतात, तो एके काळी घरोघरच्या बातम्या आणि नाट्यसंगीत वाजवणारा साधा भाग होता.

आता जागांकडे वळू. पहिली जागा, आत येणारा बारीक सिग्नल मोठा करणारा ईसीसी ८३. याच्यातून मिलिअँपिअरभर प्रवाह वाहतो. काम हलकं, म्हणून चांगला नग वर्षानुवर्षं टिकतो. पण इथे झालेली खरखर किंवा गुणगुण पुढच्या प्रत्येक पायरीवर वाढत जाते. जुन्या चांगल्या ईसीसी ८३ची शांतता इथे खरोखर कामाला येते. जुन्यावर पैसे घालायचेच असतील तर पहिला नंबर या जागेचा. उरलेले दोन ईसीसी ८३ पुढच्या पायरीवर आहेत. तिथे सिग्नल आधीच मोठा झालेला असतो, म्हणून नवे घेतलेस तरी काही बिघडणार नाही.

दुसरी जागा जीझेड ३४ची. हा रेक्टिफायर, म्हणजे एसीचं डीसी करणारा. तो सावकाश तापतो, त्यामुळे बाकीचे व्हॉल्व्ह तापेपर्यंत त्यांच्यावर पूर्ण विद्युतदाब येत नाही. ब्लॅकबर्नचे जीझेड ३४ दणकट म्हणून ओळखले जातात आणि मोजून घेतलेला जुना नग इथे पैसे वसूल करतो.

तिसरी जागा चार ईएल ८४ची, आणि इथे मी नवेच घे म्हणेन. हे कष्टकरी व्हॉल्व्ह. एकेकाच्या प्लेटला १२ वॉट उष्णता सोसायची असते. ते झिजतात आणि काही हजार तासांनी बदलावे लागतात. साठ वर्षं जपून ठेवलेला नग इथे झिजवून संपवण्यापेक्षा जुन्यासाठीचे पैसे जिथे नग जास्त काळ टिकेल त्या जागी का घालू नयेत? शिवाय स्टीरिओ २०ची रचनाच अशी आहे की आउटपुट व्हॉल्व्हमधला फरक बराच झाकला जातो. दोन ईएल ८४ पुशपुल पद्धतीनं काम करतात, त्यामुळे एकाची दुसऱ्या हार्मोनिकची विकृती दुसऱ्याच्या विकृतीला बऱ्याच अंशी खोडून टाकते. त्यावर ॲम्प्लिफायरचा निर्माता हॅरल्ड लीक यानं भरपूर निगेटिव्ह फीडबॅक वापरून विकृती ०.१ टक्क्याच्या घरात आणली. तीच त्याच्या ‘पॉइंट वन’ या नावाची प्रतिज्ञा. जुन्या ईएल ८४ची ‘ऊब’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं फार थोडं या ॲम्प्लिफायरमधून तुझ्या कानांपर्यंत येईल. फीडबॅक नसलेला, एकाच ट्रायोडवर चालणारा ॲम्प्लिफायर असता तर माझं उत्तर वेगळं असतं. जुनंच हवं असेल तर सोव्हिएत काळातला ६पी१४पी-ईव्ही शोध. तो साराटोव्हच्या रिफ्लेक्टर कारखान्याचा, टिकाऊपणासाठी बनवलेला ईएल ८४चा भाऊच.

जुना नग घेताना छापील नावावर विसंबू नकोस. काचेवरची शाई बोटानंही पुसली जाते आणि तितक्याच सहज नव्यानं छापता येते. त्या काळातही कंपन्या एकमेकींकडून माल घेऊन आपलं नाव छापत होत्या. फिलिप्स घराण्याच्या कारखान्यांनी काचेच्या तळाशी कोरलेली सांकेतिक अक्षरं मात्र टिकून राहतात. त्यात ‘बी’ म्हणजे ब्लॅकबर्न. टेलिफुंकेनच्या अस्सल नगावर पायांच्या मधोमध काचेतच उठवलेला हिऱ्याचा आकार असतो. काचेच्या माथ्यावरचा चांदीसारखा डाग म्हणजे गेटर, उरलेली हवा शोषून घेणारा बेरियमचा थर. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. मग नाव कुठलंही असो, तो नग मेलेला.

विक्रेत्याकडून मोजमाप लेखी माग. ईसीसी ८३ला २५० व्होल्टवर १.२ मिलिअँपिअर प्रवाह आणि ग्रिडवरच्या दर व्होल्टच्या बदलाला १.६ मिलिअँपिअरचा फरक, हे मूळ तक्त्यातले आकडे. आतल्या दोन्ही ट्रायोडचे आकडे एकमेकांजवळ हवेत. व्हॉल्व्ह तापल्यावर पेन्सिलीच्या रबरी टोकानं हलकी टिचकी मारून बघ. स्पीकरमधून घंटेसारखा आवाज आला तर तो पहिल्या जागी चालणार नाही.

आणि व्हॉल्व्ह बसवण्याआधी एक काम झालंच पाहिजे. जुन्या ॲम्प्लिफायरचे कपलिंग कपॅसिटर गळके होतात. मग ग्रिडवर नको तो दाब येतो, ईएल ८४ची प्लेट लाल होते आणि कितीही भारी संच जळून जातो. हे काम जाणकाराकडूनच करून घे. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. तू स्वतः हात घालू नकोस, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मग ऐक. एखाद्या मित्राला तुला न सांगता व्हॉल्व्ह बदलायला लाव आणि दोन्ही वेळी आवाजाची पातळी मीटरनं सारखी कर, कारण थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो. कसोटीसाठी तुझ्याकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या रेकॉर्डचा आरंभ लाव. गाणं सुरू होण्याआधीच्या तानपुऱ्यात गुणगुण, खरखर आणि तारेचा विझत जाणारा नाद लगेच कळते. त्या ऐकण्यात फरक जाणवला तर तो तुझा, तोच खरा मान. जाणवला नाही तर पैसे वाचले, ते रेकॉर्डसाठी वापर.

शेवटी नव्यांबद्दल. स्लोव्हाकियातल्या चादत्सा गावी जेजे इलेक्ट्रॉनिक आजही व्हॉल्व्ह बनवते, साराटोव्हचा कारखानाही चालू आहे. नव्या डबीवर मुलार्डचं नाव दिसलं तर तो माल साराटोव्हचा असतो, ब्लॅकबर्नचा नव्हे, एवढं ध्यानात ठेव. पण म्हणून त्याला कमी लेखू नकोस. जगात जुन्यांचा साठा रोज आटतोय आणि त्यात एकाही नगाची भर पडणार नाही. आज नवे घेणारे नसतील तर उद्या ग्रिड गुंडाळणारा हातही उरणार नाही आणि तुझा लीक निव्वळ शोभेची वस्तू होईल. तू चार नवे ईएल ८४ घेतेस तेव्हा ही कला शिकलेल्या माणसांना पुढच्या वर्षी काम मिळतं. जुन्यांवर आपलं प्रेम असेल तर नव्यांना गिऱ्हाईक मिळवून देणं ही आपलीच जबाबदारी आहे.

तेव्हा खरेदीचा क्रम असा: आधी कपॅसिटरची दुरुस्ती, मग नवे जुळवलेले चार ईएल ८४ आणि दोन नवे ईसीसी ८३, मग पहिल्या जागेसाठी एक शांत जुना ईसीसी ८३, आणि पैसे उरले तर मोजून घेतलेला जुना जीझेड ३४. ते जमेपर्यंत तिथेही नवा चालेल.

तुझा,
मामा