देखाव्याचा बॉयलर

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात घर असलं की महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काल्का-शिमला गाडी दाखवणं ओघानंच येतं. त्यात कुणी हौशी निघाला तर 'केसी ५२०'ची चौकशी होते. हे १९०५चं वाफेचं इंजिन अजून शिमला ते कैथलीघाट फेऱ्या मारतं. लोक चाकाशी उभे राहून फोटो काढतात. माझं लक्ष मात्र कॅबमधल्या गेज ग्लासकडे असतं. त्या बोटभर नळीत पाणी कुठवर दिसतं, यावर सगळ्यांचा जीव असतो.

पाणी खाली गेलं की भट्टीचं छत उघडं पडतं, पत्रा लाल होऊन मऊ पडतो आणि आतला दाब त्याला फाडतो. त्याआधी वितळून आग विझवायला छतात शिशाचा प्लग बसवतात. पण क्षाराचा थर चढला तर तोही वेळेवर कामाला येत नाही. २९ जुलै २००१ला अमेरिकेत ओहायोतल्या मेडायना काउंटीच्या जत्रेत वाफेवरचा जुना ट्रॅक्टर असाच फुटला. पाच माणसं गेली. त्यानंतर तिथं अशा हौशी बॉयलरांनाही तपासणी आणि चालकाला परवाना सक्तीचा झाला.

आपल्याकडचे बॉयलर कायदेही १८६३च्या कलकत्त्यातल्या स्फोटातून आले. १९२३चा कायदा जाऊन आता २०२५चा आलाय. तपासणीत बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी दबत नाही, त्यामुळे पत्रा हरला तरी नुसती गळती होते. केवढी साधी युक्ती!

हौसेच्या यंत्रांना सूट द्या, ती कुठं रोज राबतात, असं म्हणणारे भेटतात. मला हे उफराटं वाटतं. रोजच्या इंजिनाची खोड फायरमनला पाठ असते. वर्षभर उभं राहिलेलं आतून गंजतं, आणि ते पेटवायचं नेमकं गर्दी जमली की. हौसेच्या अशा इंजिनांपैकी एक इकडचंच. इथून जवळच, सरहिंद-मोरिंडा रस्त्यावर पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी धावायची. (बहुतेकदा खेचरं ओढत, तेव्हा स्फोटाची धास्ती नव्हती.) तिचं १९०९चं इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

अशा इंजिनात नवा बॉयलर घातला की जाणकार नाकं मुरडतात. मुरडोत बापडे. मूळ रिव्हेटच पाहायचे असतील तर इंजिन थंड ठेवून पाहावं. वाफ धरायची तर पत्रा आजचा हवा.